हाताआधीचं चित्र

टोप डोक्यावर चढवून घेताना हिरामणने एकच गोष्ट विचारली, "मॅडम, याच्यात गाणं ऐकू येतं का?"

डॉ. केतकी ओगले वायर सरळ करता करता थांबल्या. "गाणं नाही ऐकू येत. पण गाण्याबरोबर मनात जे उमटतं, ते दिसतं."

"मंग बरं हाय." हिरामण देवळात बसावं तसा ताठ बसला. "मंग माझी साक्ष हाच दील."

त्याच्यावर कुणी जबरदस्ती केली नव्हती. आरोपीच्या संमतीशिवाय टोप घालायचा नाही, असा कायदाच होता. त्याच्या वकीलबाई नको नको म्हणत होत्या, तरी तुरुंगातून पुण्याच्या प्रयोगशाळेत तो आपल्या पायांनी आला. डोक्यात लपवण्यासारखं काही नाही, तर भ्यायचं कशाला, असा त्याचा साधा हिशेब होता. तिथेच तो चुकला.

हिरामण गभाले घाटमाथ्यावरच्या करंजवाडीचा. वाडीच्या पाठीशी काळा कडा, आणि कड्याच्या पोटाला आग्या मोहोळं. उन्हं तापली की ती भल्या थोरल्या सुपांसारखी लोंबायची. आजूबाजूच्या गावांत आता उडती यंत्रं यायची, धूर करायची, पोळं कापून टोपलीत टाकायची. करंजवाडीचा सोमा भांगरे मात्र अजून दोरानेच उतरायचा. यंत्राला पोळ्यातली पिल्लं आणि मध यांतला फरक कळत नाही, म्हणायचा. वाडीतला दोराने उतरणारा तो शेवटचाच.

या उतरण्याची एक रीत होती. उतरणाऱ्याचा दोर त्याच्या भावाने धरायचा नाही, बापाने नाही, मित्राने तर नाहीच. दोर धरायचा तो मेहुण्याने, बायकोच्या भावाने. भाऊ म्हटला की जमिनीचा वाटेकरी. मित्र आज आहे, उद्या रुसेल. मेहुण्याच्या मुठीत मात्र नुसता दोर नसतो, सख्ख्या बहिणीचं कपाळ असतं. ते कोण सोडील?

आणि दोर धरला की गाणं धरायचं.

मुठीत माझ्या दोर, दोराला गं माझा दाजी
सुटला जर दोर, कपाळ पुसंल ताई माझी

दगडावं पडला दाजी, डोळ्यांनी मी पाहिला
पाहिला म्हणूनशान दोर मुठीत राहिला

या ओव्या गळ्याने म्हणायच्या आणि डोळ्यांनी बघायच्या. जुनी माणसं नव्या मेहुण्याला कड्याच्या टोकावर उभं करून शिकवायची. खाली बघ. दाजी पडलेला बघ. रगत बघ. बहीण धावत येताना बघ. दिसलं? आता धर दोर. ज्याला ते दिसेना, त्याच्या हातात ती दोर देत नसत. पडणं ज्याच्या डोळ्यांपुढे नाही त्याची मूठ सैल पडते, असं त्यांचं म्हणणं.

सोमाचा दोर हिरामण धरायचा, कारण सोमाची बायको वनिता ही हिरामणची थोरली बहीण. नातं आणखीही जवळचं होतं. सोमाची आई ठकूबाई ही या भावाबहिणीची सख्खी आत्या. आत्याच्या घरी भाची सून म्हणून आलेली. त्यामुळे त्या दिवशी कड्यावर जे झालं, ते एकाच रक्तात झालं.

त्या दिवशी वारा फिरला. खालच्या धुराचा लोट आडवा जायचा तो सरळ वर आला आणि त्याच्या पुढे माशा आल्या. हिरामणच्या तोंडावर, पापण्यांवर माशांचं कांबळंच पडलं. दोर सरकला. त्याने पुन्हा धरला, तेव्हा तो तळव्यांची सालं घेऊन सरकत राहिला. मग दोर हलका झाला.

फौजदाराने विचारलं, "पडायच्या आधी तुला काय दिसलं?"

हिरामणचे डोळे सुजून मिटलेले होते. तो म्हणाला, "दाजी पडलेला दिसला."

"पडल्यावर नाही विचारत. आधी."

"आधीच सांगतोय साहेब. दोर हातात असला की मला तेच दिसतं."

फौजदाराने मान वर केली. मग त्याला कळलं की दोन आठवडे आधी आठवडी बाजारात, वनिताच्या गालावरचा वळ पाहून, याच माणसाने भर गर्दीत सोमाला सुनावलं होतं, "दाजी, दोर माझ्या हातात असतो. इसरू नका." सोमा तेव्हा हसला होता. ऐकणारी माणसं हसली नव्हती.

यंत्राचं तत्त्व समजायला फार अवघड नाही. माणूस हात हलवतो, त्याच्या आधी मेंदू तो हात मनातल्या मनात हलवून बघतो आणि पुढे काय होईल त्याचं एक पुसट चित्र रंगवतो. पेला उचलण्याआधी ओठाला लागलेलं पाणी. दगड भिरकावण्याआधी फुटलेली काच. अशी चित्रं दिवसभर येतात आणि विरतात. पण त्याच सुमाराला काही भयंकर घडलं, तर मेंदू त्या घडीच्या मागचंपुढचं सगळं घट्ट धरून ठेवतो. पुढे त्या माणसाला त्या जागेचे आवाज दिले, वास दिला, हाताला तोच ताण दिला, की तीच थरथर पुन्हा उठते. टोपातले संवेदक कवटीच्या बाहेरून ती टिपतात आणि असंख्य माणसांच्या नोंदींवर शिकलेला संगणक तिचा अर्थ लावतो. पडद्यावर दोन रेषा उमटतात. वरची चित्राची. हात हलण्याआधी परिणाम मनात आला होता का, ते ती सांगते. खालची ओढीची. मन त्या चित्राकडे झुकत होतं की त्याच्यापासून मागे सरत होतं, ते तिच्यावरून कळतं. या दोन रेषांना मिळून उद्देशलेख म्हणत. न्यायालयांनी तो पुरावा म्हणून घ्यायला सुरुवात केली, तेव्हा वर्तमानपत्रांनी लिहिलं की आता साक्षीदार फितला तरी बिघडत नाही, मन फितत नाही.

हिरामणच्या लेखात वरची रेषा सुरुवातीपासून शेवटपर्यंत ठळक होती. पडलेला सोमा त्याच्या मनातून एकदाही हलला नव्हता. खालची रेषा सगळीकडे मागे सरलेली होती, त्या चित्रापासून पळणारी. फक्त एका जागी, माशा अंगावर येण्याच्या थोडं आधी, तिने मान वळवली होती. चित्राकडे. क्षणभर. आणि लगेच ती परत फिरली होती.

सरकारी वकिलांनी कोर्टात तेवढ्याच जागेवर बोट ठेवलं.

"बचाव पक्षाने आपल्याला ओव्या ऐकवल्या," ते म्हणाले. "छान होत्या. वरची रेषा त्या ओव्यांमुळे आहे, हेही मी मान्य करतो. पण ओव्या भीतीच्या आहेत. ही खालची रेषा बघा. ही भीती नाही. बाजारात धमकी देणाऱ्या माणसाला कड्यावर नेमकं हेच हवंसं वाटलं, आणि पुढच्या काही क्षणांत तेच झालं. आता तळवे सोलले म्हणता. सोलले असतील. सोडल्यावर पस्तावून पुन्हा धरला असेल. नंतरच्या पश्चात्तापाने आधीचा उद्देश पुसला जात नाही."

ठकूबाई कोर्टात रोज यायची आणि सरकारी वकिलांच्या मागच्या बाकावर बसायची. वनिता दुसऱ्या बाकावर. सासूसून एकाच जीपने यायच्या, एकाच जीपने जायच्या, मध्ये भाकरीचं गाठोडं. त्या दिवशी घरी गेल्यावर ठकूबाई चुलीपुढे बसून म्हणाली, "वळली गं ती रेघ. मी बघितली."

वनितानेही बघितली होती.

तुरुंगातल्या भेटीच्या खोलीत मध्ये जाळी होती. हिरामणची दाढी वाढली होती.

"काय रे, बुवा झालास का?" वनिता म्हणाली. "गंडेदोरे देतोस का आत?"

"दोरे नको," हिरामण हसला, आणि हसू अर्ध्यावरच विझलं. तळवे पालथे करून त्याने मांडीवर ठेवले. "ताई, मी कबूल करून टाकतो."

"काय कबूल करतोस?"

"मशीन म्हणतंय ना. तर असंल."

"तुला ठाऊक न्हाय? हात तुझे होते."

"तेच तर. आधी ठाऊक होतं. मला वाटायचं, माशा आल्या आन दोर गेला. आता डोळे मिटले की ती रेघ दिसती. तुझा गाल आठवला असंल गं मला. वाटलं असंल, पडू दे याला. आन मंग बोटं सैल झाली असतील. त्या बाई सांगत्यात मेंदू आधी, हात मागनं." त्याने जाळीला कपाळ टेकवलं. "मी इतकी वर्षं वर उभा राहून दाजीला पडताना बघत आलो. कधीतरी खरंच पाडलं असंल. मलाच कळंना झालंय."

"वकीलबाईंशी बोललास?"

"पुढच्या तारखेला जजबाईंनाच सांगणार. आत्याच्या जिवाला तरी थंडावा पडंल."

वनिताने जाळीतून एक बोट आत घातलं. त्याने ते धरलं नाही. आपल्या हातांनी काही धरायची त्याला भीती वाटत होती.

अ‍ॅडव्होकेट शबाना मुजावर यांचं ऑफिस कोर्टाच्या मागच्या गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानावर होतं. सरकारने नेमून दिलेल्या या वकीलबाई, पण हिरामणसाठी स्वतःच्या खटल्यासारख्या झटत होत्या. वनिताचं बोलणं होईपर्यंत त्यांचा चहा गार झाला.

"पुन्हा सांगा," मुजावरबाई म्हणाल्या. "सावकाश."

"त्या सकाळी मी दारात उभी होते. आदल्या दिवशी त्यांनी मारलं होतं, कानातून आवाज येत होता नुसता. ते बांधावरनं चालले होते, खांद्यावर दोर. आन मला दिसलं. कड्याखाली पडलेले. ओवीत हाय ना, तसंच. पण मला भ्या न्हाय वाटलं." ती थांबली. "बरं वाटलं. घरात किती शांत होईल, असं वाटलं."

"हे कुणाला सांगितलंय?"

"तुम्हाला."

"मग इथेच ठेवा."

"टोप घालून बघा मला. हिरामणची रेघ एकदा वळली. माझी वळलेलीच होती. मी तर घरात होते. माझ्या वळण्याने दोर सुटला का?"

मुजावरबाई उठून खिडकीशी गेल्या. बोलल्या तेव्हा आवाज वकिलाचा राहिला नव्हता. "ताई, इच्छा हा गुन्हा नाही. माणसाने का केलं, तो हेतू. काय होईल हे ठाऊक होतं, ती जाणीव. आणि तेच व्हावं म्हणून हात उचलला, तो उद्देश. नुसतं 'झालं तर बरं' याला कायद्यात कलम नाही. पण तुम्ही हे बोललात की सरकारी वकील काय म्हणतील, ठाऊक आहे? बहिणीने इच्छा धरली आणि भावाने पुरी केली. कट. भावाला सोडवायला जाल आणि त्याच्याशेजारी उभ्या राहाल."

"आन न्हाय गेले तर?"

"तर तो कबुली देईल. जन्मठेप."

"मंग?"

"मग घरी तुमच्या सासूबाई आहेत, ताई. रोज कोर्टात येतात. त्या हे ऐकतील."

वनिताने पदराने कपाळ पुसलं. "त्याचंच भ्या हाय," ती म्हणाली. "कटाचं न्हाय."

प्रयोगशाळेतल्या खोलीत डॉ. ओगले यांनी वनिताच्या घरातले आवाज आणून ठेवले होते. दाराच्या कडीचा आवाज. कोंबड्यांचा. बांधावरच्या कुड्याच्या झुडपांतून जाणाऱ्या माणसाच्या पायांचा. धुराचा वासही होता. टोप जड नव्हता, पण आतून गार होता. वनिताने डोळे मिटले. कडी वाजली, पावलं लांब लांब गेली, आणि ती सकाळ तिच्यापुढे येऊन उभी राहिली. काही सुटलं नव्हतं. कानातला आवाजसुद्धा.

टोप काढताना डॉ. ओगले तिच्याकडे बघत नव्हत्या.

"आलं का?" वनिताने विचारलं.

"आलं."

"फसवता येतं का याला? कुणी म्हणालं, मी मुद्दाम तसं मनात आणलं, तर?"

"आत्ता आणलेलं आणि तेव्हाचं, यांची थरथर वेगळी असते. तुमचं तेव्हाचं आहे." ओगले खुर्ची ओढून तिच्यासमोर बसल्या. "वनिताताई, हे यंत्र मी बनवलं तेव्हा मला वाटायचं, मनाच्या तळाशी एक खरं उत्तर असतं. खाली गेलं की सापडतं. तुमचा लेख बघितल्यावर मला वाटायला लागलंय, तळाशी उत्तर नसतं. तिथे गर्दी असते."

"गर्दीतलं कोण वर येतं, ते दिसतं का?"

"नाही," ओगले म्हणाल्या. "चित्र दिसतं, ओढ दिसते. ओढीनंतर आणि हाताच्या आधी माणूस काहीतरी ठरवतो. ती जागा अजून काळोखी आहे. कोर्टात मी एवढं सांगेन."

कोर्टातल्या पडद्यावर दोन लेख शेजारी शेजारी लावले होते. एक हिरामणचा, एक वनिताचा. सत्र न्यायाधीश बाईंनी आधी वनिताला विचारलं, "हे नोंदीवर येईल. तुम्ही अजून मागे घेऊ शकता. समजतंय?"

"समजतंय, मॅडम."

सरकारी वकिलांनी मुजावरबाई म्हणाल्या होत्या तेच केलं. "हा तर कटाचाच पुरावा झाला," ते उभे राहून म्हणाले. "एकाच्या मनात जे, तेच दुसऱ्याच्या."

"कटाला दोघांची बोलणी लागतात," न्यायाधीश म्हणाल्या. "बाजारातल्या त्या दिवसानंतर हे बहीणभाऊ एकमेकांना भेटल्याचा, फोन केल्याचा काही पुरावा आहे?"

नव्हता. त्या दिवसापासून सोमाने बायकोला माहेरच्या कुणाशी बोलू दिलं नव्हतं. कड्यावर दोर धरायला बोलावलं, तेही त्याने स्वतः, परस्पर. बायकोला मारायचा तो, आणि जीवही तिच्याच भावाच्या हातात द्यायचा. यात काही विचित्र आहे, असं त्यालाही कधी वाटलं नव्हतं.

मग न्यायाधीशांनी डॉ. ओगले यांना एक प्रश्न विचारला. "समजा, दोन्ही लेखांवरची नावं झाकली. आणि तुम्हाला सांगितलं, यांतल्या एकाच्या हातात दोर होता आणि त्याने तो मुद्दाम सोडला. कोणाकडे बोट दाखवाल?"

ओगले यांनी पडद्याकडे बघितलं. "दुसऱ्या लेखाकडे."

"दुसरा कोणाचा?"

"ज्या घरी होत्या, त्यांचा."

कोर्टात कुणीतरी खाकरलं. ठकूबाई बाकावरून उठली. तिने काठी घेतली, गाठोडं घेतलं नाही, आणि सरळ बाहेर चालती झाली. आरोपीच्या पिंजऱ्यात हिरामण बहिणीकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर सुटका नव्हती. दुसऱ्याच कुठल्यातरी कड्यावर उभं केल्यासारखा तो दिसत होता.

निकाल पुढच्या तारखेला लागला. तोवर वनिता माहेरी राहिली होती. त्यात न्यायाधीशांनी लिहिलं होतं की मनात चित्र येणं म्हणजे उद्देश नव्हे, आणि त्या चित्राची ओढ वाटणं म्हणजेही नव्हे. तसं असतं तर प्रत्येक घरातून एखाद्याला तुरुंगात धाडावं लागलं असतं. चित्र बघून, ओढ सोसून, माणूस हाताला जे सांगतो तो उद्देश. या खटल्यात हाताला काय सांगितलं गेलं याचा पुरावा एवढाच, की तळव्यांची कातडी दोरावर राहिली. हिरामणला संशयाचा फायदा देऊन सोडलं.

"फायदा," हिरामण पायऱ्या उतरताना म्हणाला. "संशयाचा."

जीप घाट चढू लागली. मागच्या बाकावर वाडीतली चारपाच माणसं होती. चिंधाबाई बोहाडे वनिताच्या शेजारी सरकली. स्वभावाने ती कुणाचं वाईट राहू न देणारी बाई. "काय पण सोंग केलंस गं," ती वनिताच्या मांडीवर थाप मारत म्हणाली. "त्या टोपालाच गंडवलंस. भावासाठी बहिणीनं एवढं करावं! मी ठकूबाईला बी तेच सांगितलं. म्हटलं, ते काय खरं हाय व्हय? नाटक होतं ते."

"काय म्हणाली ती?"

"गप बसली. पण ऐकून घेतलं."

बाकीच्यांनी माना हलवल्या. नाटकच. एका वळणावर सगळी वाडी त्या एका गोष्टीपाशी येऊन उभी राहिली होती आणि वनितासाठी जागा करून देत होती. तिथे बसलं की आत्याच्या घरात पुन्हा जाता येत होतं, पाणवठ्यावर उभं राहता येत होतं. फक्त मान हलवायची होती.

फाट्यावर सगळे उतरून पुढे निघाले, दोघं बहीणभाऊ मागे राहिले. वाडीकडे पायवाट होती. हिरामण चालता चालता म्हणाला, "ताई, गंडवलंसच ना? खरं सांग. तू तसलं काही मनात आणशील, मला पटत न्हाय."

वनिता थांबली. तिचं नाटक असेल, तर खरी रेघ एकट्या हिरामणचीच उरते. कागदावरचा निकाल तसाच राहील, पण हा माणूस रोज पहाटे उठून पुन्हा आपल्या हातांकडे बघेल. एका चांगल्या बहिणीची गोष्ट वाडीला मिळेल, आणि भावाच्या मानेवर दोर कायमचा पडेल.

"न्हाय रे," ती म्हणाली. "खरं होतं. तुझ्याहून खरं. तुझी रेघ वळली आन परत गेली. माझी तिथंच बसून होती."

हिरामण वाटेतल्या दगडावर बसला. त्याला रडू आलं, आणि ते बऱ्याच दिवसांचं असल्यासारखं सावकाश आलं. "मंग आपण दोघंबी..."

"दोघांनी बी मारलं न्हाय," वनिता म्हणाली. "मला माझं ठाऊक हाय, म्हणून तुझं ठाऊक हाय. चल, ऊठ. तू माझ्यासंगं यायचं न्हाय. तू घरला जा. आत्याला मी एकटीच सांगणार."

ठकूबाई अंगणात हिरडा वाळत घालत होती. ओणवी होऊन, एक एक फळ पांगवत. वनिताला बघून तिने हात थांबवला नाही.

"आत्या."

"चिंधा सांगून गेली. नाटक होतं म्हणं."

"नाटक न्हवतं."

ठकूबाईचा हात हिरड्यावर तसाच राहिला. मग ती हळूच खाली टेकली, जमिनीवर, हिरड्यांच्या मध्येच. संध्याकाळचं ऊन तिच्या पायापर्यंत आलं होतं.

"नाटक हाय म्हणाली असतीस तर मी मानलं असतं," ती म्हणाली. "मानायचंच ठरवलं होतं."

"ठाऊक हाय."

"मंग का सांगितलंस?"

"हिरामणसाठी. आन तुला खोटं सांगून तुझ्या हातचं कसं खाऊ?"

एक कोंबडी हिरड्याकडे आली, ठकूबाईने तिला हाकललं. मग दुसरीकडे बघत विचारलं, "किती येळ होतं ते तुझ्या मनात?"

"ते बांधाच्या टोकाला पोचेपर्यंत."

"आन मंग?"

वनिताला ते कुणी विचारलं नव्हतं. न्यायाधीशांनी नाही, ओगलेबाईंनी नाही. टोपाने त्या सकाळचा तेवढाच तुकडा घेतला होता.

"मंग ओट्यावर पाण्याची बाटली दिसली," ती म्हणाली. "राहिली होती त्यांची. मी हाक मारली. ते थांबले. मी पळत जाऊन दिली."

"घेतली त्यानं?"

"घेतली. बोलले न्हाईत काही. दोराला अडकवली आन गेले."

ठकूबाईने दोन्ही हात मांडीत घेतले. कडा समोरच होता, काळा, उन्हाने वरून तांबूस झालेला. ती त्याच्याकडे बघत राहिली. मग अगदी हलक्या आवाजात, कुणी आजारी माणसाची चौकशी करावी तसं, म्हणाली,

"उन्हाचं चढून गेल्यावर प्यायला असंल ना गं तो पाणी?"

"प्यायले असतील," वनिता म्हणाली, आणि आत्याच्या शेजारी, हिरड्यांत जागा करून, खाली बसली.